रुमाल टाकलेली जागा

शाम राठोड नोकरी करतो यावर त्याच्या वडिलांचा, भीमसिंगकाकांचा, अजून पुरता विश्वास बसलेला नाही. माणूस सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडला नाही तर ती नोकरी कसली? शाम घाटंजीजवळच्या तांड्यावर, घरातल्या कापसाच्या खोलीत बसतो. एका बाजूला कापसाचा ढीग, दुसऱ्या बाजूला टेबल, त्यावर लॅपटॉप. दारातून कुणी विचारलं, "शाम काय करून राह्यला?" की आतून उत्तर यायच्या आधी काका बाहेरून सांगतात, "काही नाही. गेम खेळून राह्यला."

गेम तो खेळत नाही, हे मी वर्गमित्र म्हणून सांगू शकतो. शाळेतही तो खेळात कच्चाच होता. पुण्याच्या एका कंपनीने मोबाईलवरची लगोरी काढली आहे. चार इकडचे, चार तिकडचे, आठही जण आठ गावांत. चेंडू कुणाला लागला, कोण बाद झालं, हे ठरवणारा प्रोग्राम दूर कुठल्यातरी मशीनवर चालतो. त्याला सर्व्हर म्हणतात, आणि तो शाम लिहितो. काकांना त्याने हे एकदा समजावून सांगितलं.

"म्हंजे तू त्याईचा पंच," काका म्हणाले.

"हो, तसंच."

"मंग पंचाले कोणी भेटाले काहून नाही येत?"

कंपनीने त्याला एक किचकट काम दिलं होतं. खेळता खेळता एखाद्याचं नेटवर्क गेलं तर त्याचं काय करायचं? पुण्यातल्या पोरांचं म्हणणं, लगेच बाद करा. शामला ते पटेना. आमच्याकडे लाईट गेली की मागोमाग टॉवर जातो. त्यात माणसाचा काय गुन्हा? मग त्याने बस स्टँडवरची रीत उचलली. गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दारातून निवांत चढायचं. त्या सीटवर कुणी बसत नाही. ज्याचं नेटवर्क गेलं त्याच्या जागेवर सर्व्हर रुमाल टाकणार, आणि तो परत येईपर्यंत डाव थांबणार. प्रोग्राममध्येही त्याने नाव ठेवलं 'रुमाल'. पुण्याच्या लोकांना तो काहीतरी मोठा तांत्रिक शब्द वाटला.

कंपनीतल्या कंपनीत सगळं झकास चाललं. मग एका शनिवारी बाहेरच्या लोकांना खेळ उघडून दिला, आणि दुपारपर्यंत सर्व्हर भरला. नव्या माणसाला जागाच नाही. आत बघावं तर खेळतंय कोण? जिकडे तिकडे रुमाल! हरायला लागले की लोक मोबाईल बंद करून निघून जात होते, आणि शामचा सर्व्हर त्यांची वाट बघत होता.

"अबे, पण रुमाल टाकून मानूस जाते कुठी?" तो मलाच विचारत होता.

त्याची वरिष्ठ निशिगंधा कमी बोलते. तिने एवढंच सांगितलं, "सोमवारी ऑफिसला ये. यापुढे इथेच बसून काम कर."

शामला हेच नको होतं. पुण्यात तिघांच्या खोलीत दोन वर्षं काढून, कंपनीला कसंबसं पटवून तो परत आला होता. आता गेला असता तर सुटका नव्हती. काका मात्र खूश. पोरगं शेवटी बॅग घेऊन कामाला निघालं. त्याची याडी, म्हणजे आई, लालीबाई, तिने लाडवांचा डबा बांधला.

यवतमाळपर्यंत मीही सोबत होतो. घाटंजीच्या स्टँडवर शामने सवयीने रुमाल टाकला, आम्ही चढलो. आमच्या शेजारच्या सीटवर कुणाचा तरी दुपट्टा होता. गाठोडं घेतलेली एक म्हातारी तिथे टेकायला लागली.

"अवो मावशी, तिथं मानूस हाये," शाम म्हणाला.

"कुठी हाये? मले तं दुपट्टाच दिसून राह्यला."

शाम तरी अडून बसला. तेवढ्यात कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडली. म्हातारीने दुपट्टा उचलून खिडकीच्या दांडीला अडकवला आणि ऐसपैस बसली. कुणी हूं की चूं केलं नाही.

"अन् तो आला तं?" शामने विचारलं.

"घंटीच्या आंधी यायचं होतं ना, बापा!" मागून कुणीतरी बोललं, आणि अर्धी गाडी हसली.

ही रीत शामला माहीत नव्हती असं नाही. आठवीपासून तो याच गाड्यांनी हिंडतो. फक्त रुमाल घेताना घंटी घ्यायची राहिली. त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला.

"याच्यातून तिकिटं निंघतेत काय?" म्हातारीने मला विचारलं.

यवतमाळला उतरेस्तोवर घंटी बसली होती. ठरावीक वेळ वाट बघायची. मग रुमाल उचलायचा, जागा दुसऱ्याला. स्टँडवरूनच त्याने ते पाठवलं आणि निशिगंधाला फोन केला. तिने तपासलं, थोड्या वेळाने उलट फोन आला. "शनिवारी पुन्हा चाचणी घेऊ. जमलं तर राहा तिकडेच."

संध्याकाळी तो लाडवांच्या डब्यासकट दारात उभा.

"नोकरी गेली?" काकांनी विचारलं.

"नाही, वाचली."

"मंग वापस कायले आला?"

चाचणी जमली, शाम तांड्यावर राहिला. फक्त घंटी किती वेळाने मारायची, ते पुण्यात ठरलं. आणि पुण्यात लाईट लवकर येते.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो, मोबाईलवर आमची लगोरी रंगात आली होती. शाम चक्क जिंकत होता. लाईट गेली, टॉवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या मोबाईलवर अक्षरं होती : 'तुमची जागा दुसऱ्या खेळाडूला देण्यात आली आहे.'

"वाक्य कोणाचं हाये बे?" मी विचारलं.

"माहंच," तो म्हणाला, आणि कापसाच्या ढिगाला टेकून बसला.

बाहेर काका कुणाला तरी सांगत होते, "काही नाही. गेम खेळून राह्यला." त्या दिवशी ते खरं होतं.