जांभळी इरकल

ह्यांची पतसंस्थेतली नोकरी गेल्यापासून मी दर मंगळवारी बाजारात जुन्या साड्या विकायला बसते. एका बाजूला गंजलेली कुलपं विकणारा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेले मिक्सर मांडणारा, आणि मधे माझी ताडपत्री. भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बायका मला साड्या आणून देतात. त्या मी धुते, रफू करते, कडक इस्त्री करते. कामात वाईट काही नाही, हे मला कळतं. तरी घरून निघताना मी स्कार्फ असा गच्च बांधते की फक्त डोळे उघडे राहतात. सोलापूरच्या उन्हात निम्म्या बायका तशाच फिरतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. कॉलनीत सांगितलंय की मंगळवारी माझं भजन असतं. म्हणजे लाजेपायी मी देवालाही खोट्यात ओढलंय.

आवाजाला मात्र स्कार्फ बांधता येत नाही. माझा आवाज घोगरा, पुरुषी. माहेरी मी फोन उचलला की पलीकडचा माणूस मला काका म्हणायचा. एकदा ऐकला की विसरणं कठीण.

मुलाच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा ह्यांनी मध्यस्थाला सांगितलं, आमच्या मंडळींचा साड्यांचा व्यवसाय आहे. मी डोळे वटारले तर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही मग मूठ झाकूनच ठेवली. दुधनीचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, पत्रिका जुळत होती. प्रत्येक फोटोत काहीतरी खोड काढणारा आमचा मुलगा हा फोटो बघून नुसता हसला. रविवारी जायचं ठरलं.

त्याच्या आधीच्या मंगळवारी एक बाई माझ्याकडे आली होती. माझ्याच वयाची, बोलण्यात कानडी हेल. लेकीला बघायला पाव्हणे येणार आहेत, नवी दिसेल अशी साडी हवी, असं तिने इकडेतिकडे बघत सांगितलं. गिऱ्हाईक लाजतंय म्हटल्यावर मला तिचा कळवळा आला आणि मी नेहमीपेक्षा जास्तच बोलले. जांभळी इरकल काढून दिली. पदराच्या टोकाला मी केलेलं रफू दाखवलं, मुलीने ते टोक मुठीत धरून बसावं म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही, हेही शिकवलं. ती जाताना खुशीत होती. मीही होते.

रविवारी दुधनीला मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली ती जांभळी इरकल नेसून. ट्रे ठेवला, पाटावर बसली आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. दाराशी तिची आई उभी होती. तीच ती.

तोंड उघडलं की आपलं पितळ उघडं पडणार, एवढंच डोक्यात. आमच्यात पहिला प्रश्न मुलाच्या आईने विचारायचा असतो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्या मुठीकडे. घसा बसलाय अशी खूण करायचंही सुचलं नाही. शेवटी सोबत आलेल्या नणंदेने सूत्रं हातात घेतली, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, सगळं तिनेच विचारलं. मी कुंकू लावलं, ओटी भरली. मुलगी पाया पडली. खाली वाकलेल्या पोरीला आशीर्वादाचे दोन शब्द शत्रूदेखील देतो. मी तेही दिले नाहीत, नुसता डोक्यावर हात ठेवला.

येताना गाडीत मुलगा म्हणाला, मला पसंत आहे. दुसऱ्याच दिवशी दुधनीहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका एका रात्रीत कशी बिघडली म्हणून नणंद चिडली. मुलगा ताट अर्धवट टाकून उठून गेला. आणि मला, त्याच्या आईला, आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. ते आठवलं की अजून माझी मलाच शिसारी येते.

मंगळवारी ती पुन्हा आली. ताडपत्रीसमोर बसली आणि मी न विचारताच बोलायला लागली.

"पोरगा लई चांगला होता, अक्का. पण त्याच्या आईनं तोंडातनं एक शब्द काडला न्हाय. पोरगी पाया पडली तरी न्हाय. आमी गरीब असू, पण आमची बी पोर हाय की. उद्या तिच्या घरात हिनं कुणाशी बोलायचं? ह्यांनी न्हाय म्हणून कळवून टाकलं."

मी हातातली साडी उगाच उलगडून पुन्हा घडी करत होते.

"पोरगी म्हणती, त्या बाईनं साडीच वळखली. सारकी पदराकडंच बघत हुती म्हणं. रडरड रडली. म्हणती, जुन्या साडीमुळं गेलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. स्कार्फची एक गाठ सोडायची आणि म्हणायचं, अहो, ती बाई मीच. माझ्या मुलाच्या मनात तुमची पोर भरली आहे आणि तिचा काडीचाही दोष नाही. गाठीपर्यंत हात गेलाही. पण जिला आम्ही साड्यांचा व्यवसाय म्हणून सांगितलं, तिने मला या कुलपांच्या आणि मिक्सरच्या मधे बघायचं, या विचाराने हात तिथेच थिजला.

पुढच्या आठवड्यात तिच्या लेकीला बघायला करमाळ्याचे पाव्हणे येणार होते. तिला वळखू येणार न्हाय अशी साडी हवी होती. मी गठ्ठा उपसला. आंबा रंगाची, कुठेही न विरलेली एक साडी काढली, प्रकाशात धरून दाखवली. पोरीला सांगा तुझं काही चुकलं नाही, असं बोलून गेले. रंग तिला खुलून दिसेल, अजिबात रडू नकोस म्हणावं, असं बरंच काही. ती ऐकत राहिली. मग डोळे पुसून हसली.

"तुमच्यासारकी बोलकी सासू मिळाया पायजे बगा आमच्या पोरीला," ती म्हणाली.

मी स्कार्फ नाकावर आणखी ओढून घेतला आणि साडी तिच्या पिशवीत घातली.