वुब्बोचा मागचा पास

वुब्बो ओल्थॉफ अकरा वर्षं ऑस्टरफेनच्या फुटबॉल क्लबकडून मधल्या फळीत खेळला. गोल त्याच्या नावावर मोजकेच. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि आपल्या माणसाकडे नीट द्यायचा, एवढंच त्याचं काम. असल्या खेळाडूची आठवण कोणी काढत नाही, पण तो नसला की संघ उसवतो.

त्याचा बाप रोल्फ बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात होता. घरच्या प्रत्येक सामन्याला गोलमागच्या कठड्याला टेकून तो उभा असायचा. पोराचं कौतुक त्याने तोंडाने कधी केलं नाही. कारखान्यात मात्र, "माझा वुब्बो चेंडू घालवत नाही," असं दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

मग त्या हंगामाचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली असती तरी क्लब वरच्या गटात टिकणार होता. शेवटची मिनिटं, एक-एक बरोबरी, मैदानात घोटाभर चिखल. कडेवरून प्रशिक्षक ओरडत होता, "मागे द्या! मागे द्या!" वुब्बोने मान वर केली आणि गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. चेंडू डबक्यात रुतला. समोरचा पोरगा धावत आला आणि त्याने तो जाळ्यात मारला.

मैदान गप्प झालं. त्या शांततेत गोलमागून रोल्फचा आवाज आला, "हा माझा मुलगा नाही!"

आधी चार जण हसले, मग सगळा कठडा. पुढच्या क्षणी हजारो लोक तेच वाक्य तालावर म्हणू लागले, आणि शिट्टी वाजेपर्यंत वुब्बोला त्या तालावर धावावं लागलं.

"मी तर पुढे खेळायला सांगितलं होतं," प्रशिक्षकाने पत्रकारांना सांगितलं. शेजारी बसलेला वुब्बो बुटांवरचा चिखल खरवडत राहिला. त्या उन्हाळ्यात क्लबने त्याला बेल्जियममधल्या एका किरकोळ संघाला विकून टाकलं. तिथे दुसऱ्याच महिन्यात त्याचा गुडघा गेला. तो गावी परतला आणि टायरच्या दुकानात कामाला लागला.

गाव विसरलं नव्हतं. बेकरीवाली पाव हातात ठेवताना म्हणायची, "घे बाबा, पण मागे देऊ नकोस हं!" रांगेतले लोक खिदळायचे. वुब्बोही हसायचा. न हसला तर जास्त त्रास व्हायचा, हे तो शिकला होता. रस्त्यात वुब्बो दिसला की बाप सायकल पलीकडच्या बाजूला वळवायचा.

बरीच वर्षं अशीच गेली. मग रोल्फचं डोकं चालेनासं झालं आणि त्याला वृद्धाश्रमात ठेवलं.

"जाऊ नकोस," वुब्बोची बायको आल्के म्हणाली. "अजून काय ऐकून घ्यायचं राहिलंय तुझं?"

तो गेला. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नाही.

"कोण रे तू?"

"खेर्ट," वुब्बोच्या तोंडून भलतंच नाव निघून गेलं.

"बस खेर्ट. फुटबॉल बघतोस का? आमच्याकडे एक गाढव होतं. सगळा क्लब बुडवला मेल्याने. मागे पास दिला, मागे!"

"गाढवच होता," वुब्बो म्हणाला.

म्हातारा खूश झाला. दर रविवारी तीच गोष्ट, तेच गाढव. वुब्बो चमच्याने त्याला कस्टर्ड भरवायचा आणि हो ला हो करायचा. एकदा म्हाताऱ्याने त्याचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदाच.

"चांगला आहेस रे तू, खेर्ट. मला तुझ्यासारखा मुलगा हवा होता."

वुब्बोने घरी हे कोणालाच सांगितलं नाही.

हिवाळ्यातल्या एका रविवारी म्हातारा खिडकीकडून वळला. डोळे स्वच्छ होते.

"वुब्बो?"

"हो, बाबा." त्याचा चमचा हवेतच राहिला. "मीच."

रोल्फने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कस्टर्डचा वाडगा हाताने ढकलून खाली पाडला आणि परिचारिकेला हाक मारली, "बाई, ह्याला बाहेर काढा."

वुब्बोने फरशी पुसली, कोट घातला आणि तो निघाला.

पुढच्या रविवारी तो परत गेला. दार उघडल्याबरोबर, म्हाताऱ्याने काही विचारायच्या आत, तो घाईघाईने म्हणाला, "मी खेर्ट, काका."