सासूबाईंचं गाणं डीजेवर

कडाव गावात आमच्या सासूबाईंना, म्हणजे इंदूबाईंना, कोणी विचारलं की काय करता, तर त्या 'धवलारीण हाय मी' असं ठणकावून सांगतात. लग्नात, हळदीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी बाई. पण हल्ली हळदीला डीजे येतो आणि सासूबाईंना जेवायला बोलावतात, गायला नाही. त्याचा राग त्या रोज सकाळी भांडी आपटून माझ्यावर काढायच्या. त्यांना एकच हवं होतं: पूर्वीसारखं कोणीतरी कुंकू-नारळ घेऊन दारात यावं आणि गायचं आवतण द्यावं.

आलं कोण, तर भिसेगावातले गंधार आणि अंतरा. यांचा म्हणे बँड आहे. आमच्याकडे बँड म्हणजे लाल कोट आणि पिपाण्या. यांच्याकडे दोन गिटारी, आणि तिसरा एक जण खोक्यावर बसून तोच खोका बडवतो. पहिला अल्बम काढून झाला, दुसऱ्याचा पत्ता नाही, मधल्या मधे लोक विसरू नयेत म्हणून एक सिंगल, म्हणजे सुटं एकच गाणं, सोडायचं. अरे बाबांनो, विसरायला आधी ओळखायला नको का? पण मी आपला चहा टाकला.

"आजी, हळदीचा धवला गाल का?" गंधारने विचारलं.

"लगीन कुनाचं?"

"लग्न नाही हो. नुसतं रेकॉर्डिंग."

"मंग नावं कुनाची घेऊ? नवरा-नवरीच्या नावाबिगर धवला व्हत नाय."

"घ्या ना कुणाचीही! नवरा मी, नवरी ही अंतरा."

"आईबापाला ठावं हाय का रं?" सासूबाईंनी विचारलं. पोरं खिदळली. मग त्या गायल्या, आणि गंधारच्या बापाचंही नाव विचारून घेऊन ओळीत बसवलं.

शुक्रवारी गाणं आलं आणि दुपारपासून गंधारच्या वडिलांना अभिनंदनाचे फोन सुरू झाले. एका काकूंनी तर हॉल कुठला घेतलाय तेही विचारलं. बिचारी पोरं घरोघर खुलासे करत हिंडली. बरं झालं, खोडच मोडली! आमच्या गावात मात्र ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच गाणं. सासूबाई दिवसभर ओटीवर बसू लागल्या. आता आवतण येणारच, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

शेजारच्या सुनंदाच्या किरणचं लग्न ठरलं. आवतण आलं ते जेवणाचं, आणि तेही व्हॉट्सॲपवर. तरी हळदीला आम्ही गेलो. किरण पाटावर बसला, बायका हळदीची ताटं घेऊन सरसावल्या, आणि डीजेवाल्याने लावलं काय? सासूबाईंचंच गाणं!

"बघ गं इंदूबाय, तुजंच लावलंय!" सुनंदा ओरडली. "आता बस आरामात."

कसल्या बसतात! त्यांचाच आवाज किरणच्या अंगणात गंधार नवऱ्याला हळद लावत होता. किरणचे मित्र फिदीफिदी हसायला लागले. सासूबाई तरातरा गेल्या आणि डीजेची वायरच उपसली.

"सुनंदे, हळद कुनाला लावतेस गं? तुज्या किरनला, का त्या भिसेगावच्या गिटारवाल्याला?"

"मंग तू गा की!"

"मला आवतान नाय," म्हणाल्या आणि सरळ घरी चालू लागल्या.

मी मागोमाग पळाले. म्हटलं, झालं, आता भांड्यांची काही खैर नाही. घरात येऊन बघते तर बाई ठेवणीतलं लुगडं नेसत होत्या. निऱ्या काही केल्या जमत नव्हत्या.

"येल का गं ती, श्रद्धा?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सुनावलं होतं. मी खाली बसून त्यांच्या निऱ्या सारख्या केल्या. म्हातारीचा मला भारी राग आहे, पण त्या घडीला सुनंदा आली नसती तर मी तिला झिंज्या धरून आणली असती.

ती आली. हळदीने पिवळ्या झालेल्या हातांत नारळ आणि कुंकवाचा करंडा.

"इंदूबाय, चुकलं गं माजं. गायला चल."

"थांब जरा, लुगडं बदलू दे!" नेसून तयार असलेल्या सासूबाई आतून ओरडल्या आणि मला डोळ्यांनी दटावलं. मी तोंडावर हात दाबला. दोघी दाराआड तशाच उभ्या राहिलो आणि सुनंदाला चांगलं ताटकळत ठेवलं.