व्हर्सायची राणी आणि माझा खोबऱ्या आंबा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आमच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहाच्या बाजारात गेलो की आजही भाजीवाली तोंडाला पदर लावते. लोकांची फजिती घरात होते, फार तर गल्लीत होते. माझी झाली ती भरसभेत, माईकवरून. आणि तो माईकही मीच मागून घेतला होता! चहा घ्या, गार होईल. सांगतो सगळं.

सुरुवात केली आमच्या साडभाऊनं. हटवार साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रेल्वेत गार्ड होता. अख्खी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली, पण बोलतो असा, जणू गाडी तोच ओढत होता. लेकीनं हौसेनं त्याला युरोपची टूर घडवली. टूर आठ दिवसांची आणि वर्णन आठ महिन्यांचं!

आमच्या मराठी मंडळाची रविवारची बैठक होती. साडभाऊनं टीव्हीला मोबाईल जोडला आणि फोटो सुरू केले. पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा. प्रत्येक फोटोत राजवाडा चार आणे आणि साडभाऊ बारा आणे. आरशांचा महाल दाखवला, तर आरशातही हाच!

“अन् हा बगीचा पाहा,” साडभाऊ आवाज खाली आणून म्हणाला. “इथं रानी फिरते.”

“कोनती रानी?”

“फ्रान्सची. जिचं मुंडकं क्रांतीवाल्यायनं उडवलं, थे. गाइडनं सांगतलं, आजबी बगीच्यात बसून चित्र काढते. दोन इंग्रज मास्तरनी फिराले गेल्या, रस्ता चुकल्या, अन् सिध्या रानीच्या जमान्यात जाऊन पोचल्या! जुन्या डरेसातले शिपाई पाह्यले, रानी पाह्यली. कोनाकोनाले तं राजाबी दिसते म्हनतेत.”

“अव माय!” बायका म्हणाल्या. पुरुषही माना डोलवायला लागले. माझं डोकं सणकलं. अरे, ज्या गावात लोखंड वितळवून रूळ करतात, त्या गावात बसून भुताच्या गोष्टी? आणि भूतही कुठलं, तर इम्पोर्टेड! आपल्या चिंचेवरची हडळ म्हणजे अडाणीपणा आणि फ्रान्सची हडळ म्हणजे प्रेक्षणीय स्थळ!

मी उभा राहिलो. “साडभाऊ, एक सांगा. रानी मेली कवाची?”

“झाले असन दोन-सव्वादोनशे वर्सं.”

“अन् अजून क्वार्टर सोडला नाही?”

हशा पिकला. मग काय, मला चेव आला. “आपल्या इथं रिटायर मानूस चार महिने जास्तीचा राह्यला तं दारावर नोटीस चिकटवतेत. अन् हे बाई मेल्यावरबी कब्जा सोडून नाही राह्यली! फ्रान्सवाल्यायच्या टाउनशिपच्या ऑफिसात कोनी मानूस नाही काय?”

साडभाऊ लालबुंद झाला. “हसू नोका जी. जीव अडकला रायते एखाद्याचा. जागा सुटत नाही.”

“जागा सुटत नाही थो मूर्ख रायते,” मी म्हणालो. “जिवंत असो का मेलेला!”

टाळ्या पडल्या. पण तुम्ही हे वाक्य लक्षात ठेवा, ते माझ्याच डोक्यावर पडणार आहे.

तिथल्या तिथं पैज लागली. पुढच्या रविवारी मी भाषण करायचं, विषय ‘भूत नावाचं थोतांड’. आणि भुताचा पुरावा निघाला, तर त्याच स्टेजवर मी साडभाऊला शाल-नारळ द्यायचा. एकोणतीस वर्षं या मंडळानं मला फक्त सतरंज्या अंथरायला लावल्या होत्या. भाषण पहिल्यांदाच मिळत होतं. आठवडाभर मी आरशासमोर हातवारे करत होतो.

आता मध्येच एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

मी रिटायर झालो तेव्हा सेक्टर सहामधला कारखान्याचा क्वार्टर खाली केला आणि शेजारच्या रिसालीत घर बांधलं. घर मोठं झकास! अंगणातसुद्धा चकचकीत फरश्या. तुळशीला कुंडी आणि कुंडीतली माती विकतची. जुन्या क्वार्टरच्या मागं मात्र माझा आंबा राहिला. माझ्या बापानं साकोलीकडच्या आमच्या गावाहून, पिप्यात रोपटं घालून, पॅसेंजर गाडीत मांडीवर धरून आणलेला. कच्चा खाल्ला तर खोबऱ्यासारखा लागतो, म्हणून खोबऱ्या आंबा. बाप गेला, झाड राहिलं. क्वार्टरची चावी देताना सही घेतात. झाडाची सही कोण घेतो?

एकदा मे महिन्यात मागच्या गल्लीतून जाताना पाहिलं, तर पानं धुळीनं माखलेली, बुडाशी भेगा. नवीन माणसांशी ओळख नाही, दाराशी जाऊन काय सांगणार? मागच्या फाटकाची कडी बाहेरून बोट घालून कशी उघडते, हे जगात एका माणसाला ठाऊक होतं. ती कडी त्यानंच बसवली होती.

मग काय! मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीन वाजता, अख्खा सेक्टर कुलरसमोर झोपलेला असताना मी आत. नळाखाली बकेट भरायची, आंब्याला घालायची, दोन शब्द बोलायचे आणि बाहेर. घरी सांगायचो, “कटिंग करून येतो.” आठवड्यातून तीनदा कटिंग! डोक्यावर केस किती, ते तुम्हाला दिसतंच आहे. तरी बायको कधी एका शब्दानं बोलली नाही. मला वाटायचं, काय साधी बाई आहे!

तर रविवार आला. पांढरा कुर्ता-पायजामा घालून मी स्टेजवर चढलो आणि अर्धा तास भुतांची सालटी काढली. व्हर्सायच्या राणीला तर क्वार्टरमधून काढून फुटपाथवर आणून बसवलं. साडभाऊ पहिल्या रांगेत फुगून बसला होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. “कोनाले काही इचारायचं आहे?” मी ऐटीत म्हणालो.

इथंच खाली बसलो असतो तर!

मागून एक म्हातारी मावशी उठली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. “भाऊ, तुमी म्हनता भूत नाही. मंग आमच्या घरामांगं कोन येते?”

“कसं दिसते, मावशी?”

“पांढरं झक. अन् त्याले मुंडकं नाही.”

साडभाऊ खुर्चीतून वीतभर उडाला. मी हसलो. “बरं. बोलत तं नसनच?”

“बोलते ना! पुटपुटते.”

“मुंडकं नाही अन् पुटपुटते? कुठून, बेंबीतून?” हॉल हसून लोळला. मी आणखी फुगलो. “येते कवा? अमावस्येले?”

“नाही जी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तीन वाजता.”

“भूत आहे का टूशनचा मास्तर?” पुन्हा हशा. पण हे वार मला जरा ओळखीचे वाटले. तरी जीभ थांबते का? “अन् करते काय थे?”

“आंब्याच्या झाडाले बकेटीनं पानी टाकते,” मावशी म्हणाली. “अन् म्हनते, तुले सोडून मी कुठी जाऊ रे बाप्पा!”

मी स्टेजवरचा तांब्या उचलून तोंडाला लावला. 

साडभाऊ उठला. “पाहा! मी काय म्हनलो? रानीबी बगीच्यातच फिरते. याचा जीव झाडात अडकला आहे!”

मावशीचा मुलगा शेजारीच बसला होता. प्लांटमध्ये नवीन लागलेला, सभ्य पोरगा. “अंकल, आई महिना झाला जेवत नाही ठीकसे. इसलिए हमने तय कर लिया है. उद्या सकाळी मानूस येऊन राह्यला, पेड ही कटवा देते हैं.”

“झाड नोका तोडू!” मी इतक्या जोरात ओरडलो की माईक शिट्टी मारायला लागला.

“कावून?” साडभाऊनं विचारलं.

कावून? काय सांगू? अर्धा तास ज्यांना अक्कल शिकवली, त्यांना सांगू की मी दुसऱ्याच्या घराच्या मागं कडी काढून घुसतो? मी गडबडीत म्हणालो, “झाड तोडलं तं… तं भूत घरात घुसते.”

 साडभाऊच्या चेहऱ्यावर अशी दिवाळी मी कधी पाहिली नव्हती. “म्हंजे भूत आहे?”

“आहे,” मी म्हणालो. “म्हंजे… एखादं असू शकते. पन चांगलं आहे बिचारं. पानी टाकते, कोनाचं काय घेते?”

अध्यक्षांनी लगेच शाल आणि नारळ पुढं केला. मी, विज्ञानवादी मी, साडभाऊच्या खांद्यावर शाल घातली. त्यानं फोटोसाठी मान तिरकी केली, अगदी व्हर्सायमध्ये करत होता तशी. मला वाटलं, नाक गेलं तर गेलं, झाड तर वाचलं.

वाचतं कसलं! शाल सावरत साडभाऊ म्हणाला, “मावशी, भेवू नोका. अहिवाऱ्याकडचा एक बैगा माह्या ओळखीचा आहे, भूत बांधते थो. झाडात सात खिळे ठोकते, बुडात मिठाचं उकळतं पानी वतते. आठ दिवसांत भूतबी गेलं अन् झाडबी वाळलं. तोडाचीबी झंझट नाही!”

डोळ्यांसमोर बाप उभा राहिला, मांडीवर पिपा घेऊन बसलेला. लाज वाटत होती, पण काय करता? मी माईक धरला.

“थांबा. थे भूत मीच आहो.”

कोणी हसलं नाही. कोणी विश्वासच ठेवला नाही! साडभाऊ म्हणाला, “पाहा, अंगात आलं!” मावशीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. “नाही जी. तुमाले मुंडकं आहे. त्याले नव्हतं.”

सांगा, आता मला मुंडकं आहे याचीही माझ्यावर माफी मागायची पाळी आली!

शेवटी संध्याकाळी पाचच्या उन्हात अख्खं मंडळ माझ्या जुन्या क्वार्टरवर. मी मागच्या गल्लीत उभा राहून बाहेरून बोट घातलं आणि फाटकाची कडी काढली. मावशीचा मुलगा तोंड उघडं टाकून बघतच राहिला. मी बकेट भरली, आंब्याजवळ गेलो. मावशी आत जाऊन तिच्या रोजच्या खाटेवर आडवी झाली. खिडकीत कुलर बसवलेला आणि कुलरखाली हातभर फट. त्या फटीतून तिला बाहेरचं माणूस दिसायचं ते पायापासून गळ्यापर्यंत. त्याच्या वर सगळा कुलर!

“अव माय, हाच! हाच थो बिनमुंडक्याचा!” आतून किंकाळी आली.

मग एकेक जण खाटेवर आडवा होऊन मला बघून आला. रांग लागली. साडभाऊ तर दोनदा जाऊन आला आणि मोबाईलवर फोटोही काढला. आता टीव्हीवर व्हर्सायच्या राजवाड्यानंतर मी असतो.

“आता शाल परत करा,” मी दात-ओठ खात त्याला म्हणालो.

“कावून जी? भूत निघालं का नाही? अन् मी म्हनलो नव्हतो, जीव अडकला रायते, जागा सुटत नाही म्हनून? तुमी काय म्हनले होते, थेबी सांगू काय?”

बोलतो काय! आयुष्यात एकदाच तो माणूस बरोबर ठरला आणि तेही माझ्यामुळं.

बायको आंब्याखाली शांत उभी होती. मी हळूच म्हणालो, “तुले सांगनारच होतो.”

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “मंगळवारी अन् शनिवारी कोन मानूस केस कापते? अन् पायजाम्याले चिखल नाव्ह्याच्या दुकानात लागते काय?”

“मंग बोलली कावून नाही?”

“म्हनलं, मामंजीचं झाड आहे, जाऊ द्या.” मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पन एवढ्या मोठ्या झाडाले कोनी बकेटीनं पानी टाकते काय? त्या रानीचं मुंडकं लोकायनं उडवलं, बिचारीचा इलाज नव्हता. यायनं माईक मागून घेऊन सोताच्या हातानं उडवलं!”

यावर मी काय बोलणार? बोलायला मुंडकं लागतं.

झाड मात्र वाचलं. मावशीनंच पोराला दटावलं, “खबरदार पेड तोडला तं.” आणि मला म्हणाली, “भाऊ, समोरच्या दारानं येत जा.”

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी राजरोस समोरच्या दारानं जातो. घंटी वाजवतो. आणि दर खेपेला आतून मावशीचा तोच खणखणीत आवाज येतो, अख्ख्या स्ट्रीटला ऐकू जाईल असा: “सूनबाई, चहा ठेव वं, भूत आलं!”

आणि मी चपला काढत म्हणतो, “हाव, साखर कमी.”