परसातली हाक

बायकोच्या तेराव्याला मेव्हण्यानं चारचौघांत विचारलं, "दाजी, रस्त्यापल्याडच्या म्हातारीला ताईची हाक गेली, आन् ओटीवर बसलेल्या तुमाला नाय?"

बायको गेली त्या दिवशी मागं परसात पडली होती. मी वीस पावलांवर. आयुष्यभर तिची हाक ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवशीही तेच केलं का, माझं मलाच सांगता येईना.

शेवटी तोच मला कर्जतला कान तपासायला घेऊन गेला. "मशीन खोटं नाय बोलत."

बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. जाड घूं आला, दाबलं. मग काहीच नाही. काचेपलीकडं मेव्हणा माझ्या बोटाकडं टक लावून. सुटायचं तर सोपं होतं, दाबायचंच नाही. म्हणून नुसता भास झाला तरी दाबत होतो. घामानं बटण निसटत होतं.

तपासणाऱ्या बाईंनी कागद दाखवला. रेघ थोडी सरळ जाऊन घाटासारखी खाली कोसळलेली.

"काका, कानात आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी ओळीनं असतात. आवाजानं केस वाकले की पेशी मेंदूला खबर देते. बारीक आवाजाच्या पेशी तोंडाशी, जाड आवाजाच्या खोल आत. काम कुठं केलंत?"

"साजगावला. पत्र्याच्या प्रेसवर, तीस वर्षं."

"त्या दणदणाटानं तोंडाशीच्या गेल्यात."

मला कळलं. बांध फुटला की पाणी शिरतं तिथली रोपं आधी आडवी होतात. "परत लावता येत नाय?"

"नाही काका. त्या परत येत नाहीत."

मेव्हण्यानं घसा खाकरला. "बाईमाणसाची बारीक हाक, परसातून?"

"नाही पोचणार."

तो खाली बघत म्हणाला, "चुकलो, दाजी."

पण बायकोला हे बाईंच्या आधी कळलं होतं. शेवटची दोन वर्षं ती हाक मारतच नव्हती. दाराच्या फळीवर मूठ आपटायची, धप्प. मी वळलो की म्हणायची, "चला बहिरोबा, जेवायला." मला वाटायचं, हाका मारून वैतागली असेल.

त्या दिवशी ती फळीपर्यंत पोचली नाही.

परत आल्यावर आधी म्हातारीकडं गेलो. तिला माझ्या कानाशी वाकायला सांगून विचारलं, "कुणाला हाक मारत होती?"

"तुलाच रं, मेल्या," ती ओरडली. "अवो, अवो करत होती."