लांबून लिहिलेली मॅच

पुण्याची गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि आण्णांच्या एका कानात मॅचची कॉमेंट्री चालू होती. "येतो आण्णा," मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात मुलीही 'येतो'च म्हणतात. आईनं "वेळेवर खात जा" तीनदा सांगितलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "पोचलीस की कळव. मॅचचं मी कळवीन."

पुण्याहून पुढं नोकरीसाठी जर्मनीत, हॅम्बुर्गला आले. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमही तालमींच्याच असतात; आमच्या पेठेतल्या तालमीची टीम खेळली की आण्णांचा मेसेज यायचा: 'दोन-एक. हरलो.' बास. रविवारी दुपारी, खिडकीबाहेर धुकं असताना, त्या दोन शब्दांभोवती मी अख्खं ग्राउंड उभं करायची. पायऱ्यांवरची गर्दी, भडंगाच्या पुड्या, गोलपोस्टवर रेंगाळणारं तांबूस ऊन. मग टीमचं गमतीचं बातमीपत्र लिहायची. 'आमचा बॅक चढाईला गेला तो परतलाच नाही. कुणास दिसल्यास पेठेत आणून सोडावे.' तालमीच्या ग्रुपवर टाकलं की पुण्यात, दुबईत, बेंगळुरूत पांगलेली आमची माणसं हसत सुटायची. आठवडाभर ऑफिसात अडखळत जर्मन बोलणारी मी तेवढा वेळ पेठेत असायची.

एकदा टीमनं चार गोल खाल्ले. मी लिहिलं, 'गोलकीपर सुहासनं चारही वेळा बॉलला वाट करून दिली. पावण्यांना चहा विचारायचा तेवढा राहिला.' ग्रुपवर इतकं हसू आजवर कशालाच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आण्णांचा चक्क फोन आला. "सुहास ग्राउंडवर यायचा बंद झालाय. तुझं वाचल्यापासनं."

सुहास आमच्याच गल्लीतला, शिरोलीला फाउंड्रीत कामाला. मी लगेच त्याला फोन लावला.

"ताई, कामावर खांदा दुखावलावता," तो म्हणाला. "दुसरा कीपर न्हवता म्हणून तसाच उभारलो. तू हितं असतीस तर बघूनच कळलं असतं की तुला."

"चुकलो, सुहास," मी म्हणाले.

नंतरच्या अंकात त्याची माफी मागितली, त्याचं भरभरून कौतुक केलं. संध्याकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, हे काय लिवलंयस? शोकसभेत बसल्यागत वाटालंय. चेष्टा कर की! फकस्त आधी इचारत जा."

दोन महिन्यांनी तो पुन्हा गोलात उभा राहिला. आता मॅच संपली की आण्णांच्या मेसेजआधी त्याचा फोन येतो. डोळे मिटून मी ऐकत राहते: वारं कुठल्या बाजूचं होतं, कोण घसरला, कुणाचा गुडघा दुखतोय. गाव आपल्याला तोंडपाठ आहे, असं निघताना वाटलं होतं. आता ते दर रविवारी कुणाकडून तरी नव्यानं ऐकावं लागतं, आणि जोवर ते सांगायला कुणीतरी फोन करतं, तोवर माझं घर तिथं आहे.

परवा सुहास म्हणाला, "पहिला गोल माझ्या चुकीनं झाला, तो रंगवून लिव. दुसऱ्या गोलाला माझ्या डोळ्यावर ऊन आलतं. ते बी लिव."

मी दोन्ही लिहिलं.