दोराला झोळ नको

मी पॉलिटेक्निकात मेकॅनिक्स शिकवतो. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे वस्तू आजूबाजूच्या पसाऱ्यातून सोडवून एकटी काढायची आणि तिला जे खरोखर ओढतं किंवा ढकलतं, तेवढ्याचेच बाण दाखवायचे. पोरं हौसेनं नसलेले बाण काढतात. मी गुण कापतो. गावात कुणाचे गुण कापता येत नाहीत.

गेल्या वर्षी भीमाशंकरचं दर्शन उरकून जुन्नरला जाताना एक पुढारी आमच्या गावात थांबणार होते. त्यांच्यासाठी चार माणसांना न पेलणारा झेंडूचा हार झाला. रस्त्यावर आडवा दोर बांधून तो मधोमध टांगला. दोराचं एक टोक वडाकडे, दुसरं माझ्या चुलतीच्या माडीवर, सज्जाच्या खांबाला. त्याच सज्जात शिलाई मशीन चालवून ती पोट भरते.

हाराच्या वजनानं दोर खाली आला. "झोळ नको, फोटोत वाईट दिसतं," स्वागत समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि वडाकडचं टोक ओढायला त्यांनी ट्रॅक्टर मागवला.

मी विटकरीनं रस्त्यावरच आकृती काढली. मधे हाराची गाठ, खाली वजनाचा बाण, दोन बाजूंना दोराचे. दोर जितका सपाट, तितके हे दोन बाण लांब. हाराच्या वजनाच्या पाचसहापट ओढ येईल, खांब उखडेल, असं सांगितलं.

"सर, हार हाय, उसाची ट्रॉली न्हाई. तुमी स्टेजवर बसा ना राव!" अध्यक्ष म्हणाले.

ट्रॅक्टर माझ्या आकृतीवरून गेला. दोर सरळ झाला, टाळ्या पडल्या.

गाड्या आल्याची आवई उठली, बायकांनी ताटातली निरांजनं पेटवली आणि खांब उखडला. सज्जाचे पत्रे थेट मशीनवर. चुलती वाचली, कारण तिलाही ताट देऊन रस्त्यावर उभं केलं होतं. पुढारी मंचरहूनच पुण्याला वळले.

दुसऱ्या दिवशी चुलती भरपाई मागायला अध्यक्षांकडे गेली. मी सोबत होतो.

"लई वारा सुटला व्हता, काकू. निसर्गापुढं कुणाचं चालतं?"

नसलेला बाण! "कुठला वारा?" मी ओरडलो. मग सगळे मलाच शांत करू लागले. शिकलेल्या माणसानं आवाज चढवू नये म्हणे.

चुलतीनं आवाज चढवला नाही. "वारा व्हता, तर माझ्या ताटातलं निरांजन कसं इझलं न्हाई? तुमच्या मोबाईलात शूटिंग हाय की, बघा."

कुणीच मोबाईल काढला नाही.

"आता खांब बसवाल तो मजबूत बसवा, काकू," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या वेळी लागंल."